शाळा सोडण्याचे कारण

मु. चिंचटाकळी, ता. मेहकर, जि. बुलढाणा
६ जून १९७१

सिस्टर ओदिल यांस,

नमस्कार लिहायची रीत आहे, म्हणून तो लिहिला असं समजा.

तुमचं पत्र परवा पोचलं. पोस्टमनने ते आधी चावडीवर दाखवलं, मग शाळेत, आणि मग माझ्या हातात दिलं. त्यामुळे बेल्जियमचं तिकीट साऱ्या गावाने पाहिलं. "उदळाबाईचं पत्र हाय काय?" असं दोन दिवसांत दहा जणांनी विचारलं. तुमचं नाव गावाला कधी नीट म्हणता आलं नाही, पण विसरताही आलेलं नाही.

साडेतीन वर्षांत एक ओळ नाही, आणि आता पत्र आलं ते कामाचं. तुमच्या संघाला शंभर वर्षं होतात. तुमच्या बायांनी परदेशात जाऊन मुलींच्या ज्या ज्या शाळा काढल्या, त्या सगळ्यांचा इतिहास छापायचा आहे. चिंचटाकळीची पानं तुमच्याकडे आली आहेत आणि तुम्हाला तारखा आठवत नाहीत. विहीर कोणत्या साली खोदली, पहिल्या दिवशी मुली किती होत्या, एखादा फोटो आहे का, आणि माझ्याकडून एखादी गोड आठवण. मलाच का विचारलंत ते मी ओळखलं. गावात दुसऱ्या कोणाला इतकं लांब पत्र लिहिता येणार नाही.

गोड आठवण माझ्याकडे नाही. इतिहास हवा असेल तर देते. पण मग तो पुरता घ्यावा लागेल.

या गावात मुलींची शाळा तुम्ही काढली नाही. हे पहिल्या पानावर छापा. कन्याशाळा १९४८ च्या जुलैत निघाली, तीन मुलींवर, मारुतीच्या देवळामागच्या पडवीत. ती मी काढली. हातात बोर्डाचा हुकूम होता, पण हुकमाने मुली येत नाहीत. माझं लग्न अकराव्या वर्षी झालं आणि तेराव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं. भावाने हट्टाने अमरावतीला शिकायला ठेवलं, म्हणून माझ्या हातात खडू आला. मी घरोघर फिरले. आया म्हणायच्या, पोरगी शाळेत बसली तर धाकट्याले कोन धरन? मी म्हटलं, धाकट्यालाही आणा. माझ्या दोन जुन्या लुगड्यांच्या झोळ्या करून त्या पडवीच्या आढ्याला बांधल्या. मुलगी पाटीवर बेरीज मांडायची आणि पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीने झोळी हलवायची. असं तेरा वर्षं केलं. तुम्ही आलात तेव्हा पटावर एकतीस मुली होत्या.

पहिल्याच दिवशी तुम्ही त्या झोळ्या पाहिल्या होत्या. झोळीजवळ उभ्या राहून डोळे पुसले होते.

तुमच्या शाळेविरुद्ध गावाने केलेल्या अर्जाचं तुम्ही काही विचारलेलं नाही. तरी मीच सांगते. त्रेचाळीस सह्या होत्या, त्यातली एक माझी. मला याच गावात राहायचं होतं. याहून जास्त त्यात काही नाही.

विहीर १९६२ ची. फोटो नाही.

अगदी शेवटी एका ओळीत विचारलंत, सोजरा कशी आहे. सोजरा आपल्या घरी आहे.

जनकाबाई


२५ जुलै १९७१

सिस्टर ओदिल,

तुमचं उत्तर आलं. तुम्ही लिहिता, "मी तुमची लय आठवण करून राह्यली." तुम्हाला मराठी मी शिकवलं आणि 'राह्यली' पोरींनी शिकवलं. माझं काही टिकलेलं दिसत नाही.

माझ्या पत्राने तुम्हाला वाईट वाटलं, आणि मी रागावू नये असं तुम्ही म्हणता. मी रागावलेलीच आहे. त्यात न लिहिण्यासारखं काय आहे?

तुमच्या पुस्तकात मराठी कसं शिकलात तेही येईल. चौदा महिने, रोज दिवेलागणीच्या आधी, माझ्या ओट्यावर. तुम्हाला 'ळ' येत नव्हता. तुम्ही 'डोळा' ला 'डोला' म्हणायच्या आणि कोपऱ्यावरच्या बाया पदर तोंडाला लावायच्या. मी त्यांना दटावलं होतं. तुम्हाला हिवताप आला तेव्हा मी नऊ दिवस पेज करून आणली. तुम्ही तिकडून आलेल्या आईच्या पत्रातलं मला वाचून दाखवायच्या. मी कोणाला सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगितलं होतं, की मला नवऱ्याचा चेहरा आठवत नाही, त्याच्या अंगावरचा कोट तेवढा आठवतो. उपकार म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही मला ओळखत नव्हतात असं कोणाला वाटू नये म्हणून लिहिते.

मग सरपंच पंजाबरावांनी तुम्हाला माळावरची जागा दिली. कौलारू इमारत झाली, विहीर झाली. दुधाची पावडर आली, बाकं आली, राहायच्या मुलींसाठी खोल्या झाल्या. मुलींनी तिकडे जायला मी विरोध केला नाही. एकतीसच्या नऊ झाल्या. नऊ मुलींसाठी सरकार बाई ठेवत नाही. १९६४ साली कन्याशाळा बंद झाली आणि मला मुलांच्या शाळेत पहिलीवर बसवलं. तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात. मला वाटलं, तुमच्या शाळेत मराठी शिकवायला या म्हणाल. तुम्ही म्हणालात, मुलींच्या धाकट्या भावंडांसाठी एक खोली काढली आहे, ती तुम्ही सांभाळा. माझं शिक्षण सातवी आणि ट्रेनिंग, तेवढ्याने तुमच्या नियमात बसत नाही म्हणालात. तेविसाव्या वर्षी मंगळूरहून आलेली सिस्टर फिलोमिना बसत होती, आणि सोळा वर्षं शिकवलेली मी पोरं जोजवायला बसत होते.

तेही मी गिळलं असतं.

१९६७ च्या फेब्रुवारीत फिलोमिना माझ्याकडे पापड लाटायला शिकायला आली. तिच्या पिशवीत तुमच्या संघाचं पत्रक होतं, तिकडच्या लोकांना पाठवतात ते. इंग्रजीत होतं. तिने कौतुकाने दाखवलं. त्यात फोटो होता. आढ्याला टांगलेल्या दोन झोळ्या, खाली पाटी घेतलेल्या मुली. झोळ्यांचं लुगडं माझं होतं, हिरव्या काठाचं. मी म्हटलं, खाली काय लिहिलं आहे ते सांग. बिचारीने मोडक्या हिंदीत सांगितलं. आमच्या सिस्टर पोचल्या त्याआधी या गावात एकाही मुलीने पाटी हातात धरली नव्हती. लहान भावंडांना सांभाळत मुलींना शिकता यावं म्हणून आमच्या सिस्टरांनी ही युक्ती काढली.

मी तिला पुन्हा वाचायला लावलं. दोन्ही वेळा तेच निघालं.

खाली तुमचं नाव होतं. आता कळवा, हा मजकूर तुम्ही लिहिला होता की नाही. एवढ्या एका गोष्टीचं उत्तर द्या, मग विहिरीचं बोलू.

जनकाबाई


१२ सप्टेंबर १९७१

सिस्टर,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं.

तुम्ही कबूल केलंत. मजकूर तुमचाच होता. मुख्य मठातून वरचेवर विचारणा व्हायची की तिथे आधी काय होतं आणि आता काय झालं, आणि "आधी एक शाळा होती" असं लिहिलं असतं तर दुसरी कशाला असं त्यांनी विचारलं असतं. तुम्ही लिहिता की लिहिताना लाज वाटली होती, पण पत्रक चिंचटाकळीत कधी पोचेल असं वाटलं नाही. ठीक आहे. खोटं बोलणारा माणूस नेहमी तसंच धरून चालतो, हे मलाही माहीत आहे.

पण त्याच पत्रात तुम्ही दुसरं एक लिहिलंत, आणि त्याने माझ्या अंगाचा भडका उडाला. तुम्ही लिहिता, "अर्ज कोणी लिहिला ते मला तेव्हाच कळलं होतं. चौकशीला आलेल्या साहेबाने तो टेबलावर ठेवला होता. ज्या अक्षरावरून मी मराठी गिरवलं ते अक्षर मी ओळखणार नाही का?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या ओट्यावर येऊन बसलात. मी केलेला चहा प्यायलात. माझे दोन्ही हात हातात घेऊन "तुमचे उपकार आहेत" म्हणालात. मी तेव्हापासून समजत होते की तुम्हाला काही ठाऊक नाही, आणि त्या समजुतीवर साडेतीन वर्षं कशीबशी जगले. तुम्ही मला माफ करून टाकलं होतं. कोणी मागितली होती माफी? माझ्या तोंडावर थुंकला असतात तर मी उत्तर दिलं असतं. तुम्ही मला तेवढीही जागा ठेवली नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की त्रेचाळीस सह्यांतली एक माझी. ते खोटं होतं. आता खरं लिहिते, छापायचं तर छापा.

निवृत्तीची सोजरा सातवी पास झाली. तेरा वर्षांची पोर, केंद्रात पहिली आली होती. निवृत्तीने तिचं लग्न ठरवलं, देऊळगाव राजाकडचा बिजवर, घरात पहिलीची दोन मुलं. सोजरा कपड्याचं गाठोडं घेऊन तुमच्याकडे राहायला आली आणि घरी जाईना. निवृत्ती माझ्या दारात येऊन रडला. म्हणाला, "बाई, तुमी तिले पयली ते तिसरी शिकवलं, तुमचं ऐकन ते." मी तिला समजवायला तुमच्याकडे आले. दार उघडं होतं. सोजरा तापाने फणफणली होती आणि तुम्ही तिच्या कपाळावर ओल्या फडक्याने पाणी सोडत होतात. तुमचे ओठ हलत होते, तुमच्या भाषेत काहीतरी चाललं होतं. तुम्ही मला पाहिलं नाही. मी तशीच परत फिरले.

तुम्ही मुली बाटवता असा अर्ज पंजाबरावांकडे तेव्हा तयार होत होता. माळावरची इमारत त्यांना आपल्या संस्थेसाठी हवी झाली होती, हे साऱ्यांना माहीत आहे. पण त्यांच्या कागदात दम नव्हता. ते म्हणाले, "कोन्या बाईनं डोयानं पाह्यलं असं पाह्यजे." मी म्हटलं, मी पाहिलं आहे. आणि कागद हातात घेऊन मीच लिहिलं: 'माझ्या डोळ्यांदेखत सिस्टरने मुलीच्या कपाळावर पाणी घालून परक्या भाषेत मंत्र म्हटले.' त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. लिहिताना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. पत्रकातला मजकूर डोळ्यांसमोर होता.

हे माझं. आता तुमचं.

मी अर्ज लिहिला तो मंगळवारी, १६ मे १९६७ ला. बुधवारी साहेब आले आणि शुक्रवारी पुन्हा येतो म्हणून गेले. कोणीही तुम्हाला सांगितलं नव्हतं की मुलगी बाहेर काढा. साहेबांनी तर म्हटलं होतं की मुलीला समोर बसवून विचारू. शुक्रवारी सकाळी, साहेब यायच्या आधी, तुम्ही स्वतः सोजराच्या हाताला धरून तिला फाटकापर्यंत आणलं. निवृत्ती बाहेर उभा होता. ती फाटकाचा गज सोडत नव्हती. तुम्ही तिची बोटं एकेक करून सोडवलीत. मी समोरच्या बाभळीखाली उभी होते. तुम्ही आत वळल्यावर फाटकाला कडी घातलीत, तेही पाहिलं. अर्जात माझ्या डोळ्यांवर सगळ्यांचा विश्वास बसला, पण हे मला कोणी विचारलं नाही.

नऊ दिवसांत तिचं लग्न झालं. नोव्हेंबरात तुमचा इथे राहण्याचा परवाना वाढवून मिळाला नाही आणि शाळेला कुलूप लागलं. तुमच्या पटावर चौऱ्याऐंशी मुली होत्या. मुलांच्या शाळेत त्यातल्या बावीस आल्या. बाकीच्यांचं काय झालं ते मी रोज रस्त्याने जाताना बघते. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन त्या मला अजून "नमस्ते बाई" म्हणतात.

तेव्हा सांगा, तुम्ही का काढलंत तिला?

जनकाबाई


७ नोव्हेंबर १९७१

सिस्टर,

तुमचं उत्तर एका ओळीचं आहे. "मला वाटलं, एक मुलगी दिली तर त्र्याऐंशी वाचतील."

ना एक वाचली, ना त्र्याऐंशी. मी तुम्हाला यावर खूप कडक लिहिणार होते. दोन कागद लिहून फाडले. कारण कडक लिहायला मला आधी सोजराचं काय झालं ते माहीत असायला हवं होतं, आणि ते मला माहीत नव्हतं. पहिल्या पत्रात "आपल्या घरी आहे" लिहिलं ते लोकांकडून ऐकलेलं. साडेचार वर्षांत मी तिच्या दारी गेले नव्हते. देऊळगाव राजा इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गेले. बालाजीच्या देवळापासून थोडं पुढे घर आहे. तिच्या नवऱ्याचं नाव उत्तमराव. वय चाळिशीचं असेल, आठवडी बाजारात कापड विकतो. मी मनात त्याचं जे चित्र धरून गेले होते तसा तो निघाला नाही. त्याने मला पाणी दिलं, बाज टाकून दिली, आणि सोजराला हाक मारून स्वतः बाहेर जाऊन बसला.

सोजरा आता अठरा वर्षांची आहे. उंच झाली आहे. पहिलीची दोन मुलं तिला माय म्हणतात. तिने मला वाकून नमस्कार केला नाही. चुलीपुढे भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. मी तुमची सगळी पत्रं नेली होती. म्हटलं, सिस्टरबाई पुस्तक लिहितात, तुझ्याविषयी विचारतात. मी तिला सगळं सांगितलं, तुमचं आणि माझंही. पाण्याचं वाक्य माझं होतं हे तिला माहीत नव्हतं.

तिने परातीत आणखी पीठ घेतलं. मग म्हणाली, "तुमी दोघी माह्यावरून भांडून राह्यल्या. चार वर्सं झाले, मले कोनी इचारलं काय, का सोजरा, तुले काय पाह्यजे?"

मी म्हटलं, आता विचारते.

तिने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि समोर येऊन बसली. तिला दोन वर्षांपूर्वी मूल झालं होतं. पावसाळ्याचे दिवस, सुईण मिळाली नाही, दवाखान्यातली नर्सबाई दुसऱ्या गावी गेलेली. मुलगी होती, जन्मली तेव्हा जिवंत होती. एवढंच तिने सांगितलं. मी पुढे विचारलं नाही. आता तिला बुलढाण्याला नर्सबाईचं शिक्षण घ्यायचं आहे, दोन वर्षांचं. तिथेच राहायचं असतं. सातवी पास लागते. ती सातवी पास आहे, पण तिच्याजवळ कागद नाही. निवृत्तीने दाखला कधी आणला नाही, नंतर शाळेला कुलूप लागलं आणि रजिस्टरांच्या पेट्या तुमच्याबरोबर गेल्या. तिने दोनदा जाऊन विचारलं. दाखल्याशिवाय अर्ज घेत नाहीत.

"मले दाखला पाह्यजे," ती म्हणाली. "बाकी पुस्तकात तुमी काहीबी लिहा. माह्यं नाव त्यात घालू नका."

निघताना उत्तमराव बसपर्यंत आला. मी त्याला सरळ विचारलं, दोन वर्षं तिला जाऊ देणार का. तो म्हणाला, "तवा मी तिले इचारलं नव्हतं, बाई. आता ते मले इचारून राह्यली, तं नाही कसं म्हनू?" मुलांना त्याची बहीण बघणार आहे.

म्हणून हे पत्र. माझ्यासाठी काही मागत नाही, आणि तुम्ही माझ्यावर काही उपकार करताय असंही समजू नका. पेट्या उघडा. रजिस्टरात तिचं नाव 'सोजरा निवृत्ती' असं आहे, नोंद मीच करून दिली होती, तुमचं अक्षर तेव्हा अजून बसलं नव्हतं. जन्मतारीख नीट उतरवा. तुमच्या शाळेचा शिक्का असेल तर तो मारा. अर्जाची मुदत पंधरा जानेवारी.

दाखला थेट तिच्या पत्त्यावर पाठवा, माझ्याकडे नको. माझ्या हातात कागद दिलेला तिला चालणार नाही, आणि ते बरोबर आहे.

जनकाबाई


२५ जानेवारी १९७२

सिस्टर ओदिल,

दाखला २८ डिसेंबरला तिला मिळाला. मला कळलं ते उत्तमरावच्या पोस्टकार्डावरून. सोजराने निरोप दिला होता की बुलढाण्याला शाळा ओळखणारं माणूस सोबत लागेल असं म्हणतात, तेव्हा यावं. 'यावं' एवढंच. मी १० तारखेला गेले.

ती कचेरीच्या पायरीवर बसली होती. तिने कागद माझ्या हातात दिला नाही, समोर धरला. मी वाचला. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, वर्तणूक उत्तम. अक्षर तुमचं, अजूनही 'ळ' ला शेपूट जास्त. मग खाली 'शाळा सोडण्याचे कारण' यापुढे तुम्ही लिहिलंत ते वाचलं: 'मुलगी शाळा सोडू इच्छित नव्हती. मुख्याध्यापिकेने तिला फाटकाबाहेर काढले. मुलीचा काहीही दोष नाही.'

खरं सांगते, मला संताप आला. दाखल्यावर असं कोणी लिहितं का? तुमचं मन हलकं करायला तुम्हाला तिचाच कागद सापडला? एका शब्दाने तिचा अर्ज परत गेला असता तर? पाप कबूल करायचं तर तुमच्या धर्मात त्याची जागा असते म्हणे. तिथे करायचं.

आत गेल्यावर झालंही तसंच. कारकुनाने कागद वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, असं कारण चालत नाही, उगाच कोणी हरकत घेईल, 'विवाह झाल्याने' असं लिहून घेऊ, सगळ्या मुलींचं तेच असतं. मी हो म्हणणार होते. मला तेच शहाणपणाचं वाटलं.

सोजरा म्हणाली, "लगन मंग झालं, सायेब. आधी मले काहाडलं. लिहेल हाय ते बरोबर हाय. ते तसंच राहू द्या."

कारकून म्हणाला, याला साक्षी कोण?

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. नुसतं म्हणाली, "या बाईले इचारा. त्याईनं डोयानं पाह्यलं हाय."

खोलीत आणखी सहा-सात मुली होत्या, त्यांचे बाप, भाऊ होते. मी सांगितलं की मी समोर उभी होते, कागदावर आहे ते खरं आहे. आणि तिला बाहेर काढण्याची पाळी आली ती मी लिहून दिलेल्या एका खोट्या अर्जामुळे, हेही लिहून घ्या. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. कारकुनाने मान हलवली. म्हणाला, "ते आपल्याले लागत नाही, बाई. शाळेत होती ना, एवढंच सांगा." मी म्हटलं, होती. त्याने शिक्का मारला आणि पुढच्या मुलीला हाक दिली.

साडेचार वर्षं जे बोलायला घाबरत होते ते बोलून झालं, आणि ते कोणाला नकोच होतं. बाहेर पायरीवर मला बसावं लागलं. सोजराने तांब्याभर पाणी आणून दिलं. ती माझ्याजवळ बसली नाही, पण पाणी पिऊन होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "आता जा तुमी, गाडी सुटन."

यादी काल लागली. तिचं नाव आहे. एक फेब्रुवारीपासून ती तिथे राहायला जाईल.

तुमच्या शेवटच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंत की चिंचटाकळीची पानं तुम्ही पुन्हा लिहिलीत, पहिल्या ओळीत १९४८ घातलं, झोळ्या कोणाच्या ते घातलं, आणि मठाच्या बाईंनी ती पानं पुस्तकातून काढून टाकली. आता शंभर वर्षांच्या इतिहासात चिंचटाकळी नाही. मला याचं वाईट वाटायला हवं होतं असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. नाही वाटलं. खोटं छापण्यापेक्षा ते बरं. पण तुम्ही भांडलात हे समजलं. एवढं तुम्ही त्या शुक्रवारी भांडला असतात तर मला आज तुमच्याविषयी काय वाटलं असतं, ते मी लिहीत नाही.

आपल्यात समेट झाला असं कृपा करून समजू नका. तुम्ही माझी तेरा वर्षं पुसलीत आणि मी तुमची सहा. त्या हिशोबात चौऱ्याऐंशी पोरी आपण दोघींनी मिळून घालवल्या. याची माफी तुम्ही मला देऊ शकत नाही आणि मी तुम्हाला देणार नाही. तुमच्याशी मला याउपर बोलायचं नाही. हे माझं शेवटचं पत्र. उत्तर पाठवलंत तर मी ते न फोडता परत करीन.

सोजराला लिहायचं असेल तर बुलढाण्याचा पत्ता मागे लिहिला आहे. मी तिला विचारूनच लिहिला. ती म्हणाली, लिहू द्या. उत्तर देईन की नाही ते मात्र सांगत नाही म्हणाली.

जनकाबाई